वाहक की यजमान? : स्थलांतरित पाणपक्ष्यांच्या आतड्यांतील जीवाणूंविषयीच्या संशोधनदृष्टीची समीक्षा

१. प्रास्ताविक

हिवाळ्याच्या प्रारंभी सायबेरिया, मध्य आशिया आणि तिबेटचे पठार येथून असंख्य पाणपक्षी भारतीय उपखंडात येतात. चक्रवाक, पट्टकादंब, थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, टिलवे, तुतवार, कुरव अशा पक्ष्यांचे थवे महाराष्ट्रातील जलाशयांवर व खाड्यांवर उतरतात आणि वसंताच्या अखेरीस उत्तरेकडे परततात. या पक्ष्यांकडे पाहण्याच्या दोन दृष्टी दीर्घकाळ प्रचलित आहेत. एक पक्षिनिरीक्षकाची, तिला पक्ष्याची जात, संख्या आणि मार्ग यांत रस असतो. दुसरी रोगवैज्ञानिकाची, पक्ष्याने सोबत काय आणले, हा तिचा प्रश्न असतो. गेल्या दोन दशकांत यांत तिसऱ्या अभ्यासाची भर पडली. पक्ष्याच्या आतड्यात राहणाऱ्या जीवाणूंच्या संपूर्ण समूहाचा हा अभ्यास होय.

हे अभ्यासक्षेत्र नवे असले तरी त्याने स्वीकारलेली परिभाषा जुनी आहे. त्यातील अनेक शोधनिबंधांच्या प्रस्तावनेत स्थलांतरित पक्षी हे रोगजंतूंचे 'वाहक' असल्याचे विधान आरंभीच येते आणि पुढील मांडणी त्या विधानाच्या आधाराने उभी राहते. जीवशास्त्रात याच पक्ष्याला आणखी एक संज्ञा लागू पडते, ती 'यजमान'. वाहक ओझे जसेच्या तसे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेतो. यजमान पाहुण्याला जागा देतो, त्याची व्यवस्था लावतो आणि प्रसंगी त्याला दारातूनच परत पाठवतो. या दोन संज्ञांपैकी कोणती गृहीत धरली आहे, यावर नमुना कोठून घ्यायचा, तुलना कशाशी करायची आणि दोष कोणाच्या माथी येतो, हे ठरते. प्रस्तुत लेखात या संशोधनदृष्टीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

२. 'वाहक' संकल्पनेची पूर्वपीठिका

भारतात या संकल्पनेचा इतिहास आतड्यांतील जीवाणूंच्या अभ्यासाहून बराच जुना आहे. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासानूर येथील जंगलात माकडे मृत्युमुखी पडू लागली आणि परिसरातील माणसांना ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजेच आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, या रोगाचा विषाणू वेगळा केला. रशियातील एका मस्तिष्कज्वराच्या विषाणूशी त्याचे साम्य दिसल्यामुळे, उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींसोबत तो येथे आला असावा, असा तर्क करण्यात आला. या तर्काच्या पडताळणीच्या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मिळाले आणि १९५९ पासून डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचा व्यापक प्रकल्प हाती घेतला. पुढे हा रोग स्थानिक जंगलातील माकडे, लहान सस्तन प्राणी आणि गोचिडी यांच्या साखळीत टिकून असल्याचे मानले गेले. मूळ तर्क मागे पडला. मात्र कडी घातलेल्या पक्ष्यांमुळे भारतात येणाऱ्या पक्ष्यांच्या मार्गांविषयी मौलिक माहिती हाती आली.

दुसरा प्रसंग २००५ सालचा आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात चीनमधील छिंगहाई सरोवरावर एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूने हजारो पाणपक्षी मेले आणि त्यांत पट्टकादंबांची संख्या सर्वाधिक होती. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथील कोंबड्यांमध्ये हा विषाणू आढळला. भारतातील ती पहिली नोंद होती. या दोन घटना पाठोपाठ घडल्यामुळे स्थलांतरित पक्ष्यांभोवती संशयाचे वलय निर्माण झाले. या विषाणूचा पूर्वज १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील पाळीव हंसांत सापडला होता, ही गोष्ट त्या चर्चेत दुय्यम ठरली. पाळीव पक्ष्यांच्या दाट वस्तीत बळावलेला रोग रानपक्ष्यांत गेला, रानपक्षी मेले आणि काहींनी तो पुढेही नेला, असा हा दुहेरी प्रवास होता. लोकचर्चेत त्यातील दुसराच भाग उरला.

वरील दोन्ही उदाहरणे विषाणूंची आहेत. विषाणू आणि जीवाणू यांची जीवनरीती भिन्न असते. असे असूनही जीवाणूंच्या अभ्यासाला आरंभ झाला तेव्हा विषाणूंच्या अभ्यासातील चौकट जवळजवळ तशीच उचलली गेली. भयातून सुरू झालेले संशोधन निरुपयोगी असते, असे म्हणता येणार नाही. सोसायटीच्या प्रकल्पाने त्याच्या उलट दाखला दिला आहे. परंतु भयाने ठरवून दिलेला प्रश्न पुढे कायमचा प्रश्न होऊन बसला, तर अभ्यासविषयाचे स्वरूप झाकले जाते.

३. पक्ष्याचे आतडे : बदलता अवयव

वाहकाच्या कल्पनेत आतडे एखाद्या पेटीसारखे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात स्थलांतरित पाणपक्ष्याचे आतडे हा शरीरातील अतिशय बदलता अवयव आहे. ट्युनिस पिअर्स्मा आणि रॉबर्ट गिल यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. अलास्काच्या किनाऱ्यावरून दक्षिणेकडे निघालेले पट्टेरी शेपटीचे काही पाणटिवळे रडारच्या घुमटावर आदळून मेले होते. त्यांची तपासणी केली असता शरीराच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग चरबीचा असल्याचे आढळले. त्याच वेळी पेषणी, यकृत, मूत्रपिंडे आणि आतडी विलक्षण लहान झालेली होती. उड्डाणात उपयोगी न पडणाऱ्या अवयवांचे ओझे पक्ष्याने निघण्यापूर्वीच कमी केले होते. याच जातीच्या एका तरुण पक्ष्याने २०२२ साली अलास्का ते टास्मानिया हे सुमारे १३,५६० किलोमीटरचे अंतर ११ दिवसांत कोठेही न उतरता पार केल्याची नोंद आहे. इतका काळ ज्या आतड्यात अन्नाचा कण गेला नाही आणि जे स्वतःच आकसलेले आहे, त्यातील जीवाणूंचे काय होत असेल, हा यजमानदृष्टीचा पहिला प्रश्न आहे. वाहकाच्या चौकटीत तो उद्भवतच नाही.

आतड्याची रचनाही जातीगणिक बदलते. गवत खाणाऱ्या हंसांत आतड्याच्या शेवटच्या भागाशी एका टोकाला बंद असलेल्या दोन लांब पिशव्या, म्हणजे अंधनाल, असतात. तेथे जीवाणूंच्या साहाय्याने अन्नाचे किण्वन होते. मासे खाणाऱ्या पाणकावळ्यात हा भाग अगदी छोटा असतो. सारांश, 'पाणपक्ष्यांचे आतडे' असा एकवचनी प्रयोगही जपूनच करावा लागतो.

या जीवाणूंचे आगमन केव्हा होते, याविषयीही महत्त्वाची माहिती उपलब्ध झाली आहे. अलास्कातील किनारी पक्ष्यांच्या पिलांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अंड्यातील भ्रूणाच्या आतड्यात जीवाणूंचे अस्तित्व नगण्य असल्याचे आणि अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या सुमारे तीन दिवसांत त्यांचा समूह झपाट्याने स्थिरावत असल्याचे दिसून आले. ही पिले जन्मताच स्वतः चरू लागतात. त्यांचे पहिले जीवाणू आईच्या चोचीतून येत नाहीत. चिखल, पाणी आणि कीटक यांतून ते मिळतात. यावरून पक्ष्याच्या आतड्यावर परिसराचाच पूर्ण अंमल असतो, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. मात्र प्रौढ पक्ष्यांचा पुरावा वेगळे सांगतो.

४. टिलव्याची साक्ष

सायबेरियाच्या उत्तर भागात वीण करून ऑस्ट्रेलियात हिवाळी मुक्कामाला जाणारा लाल मानेचा टिलवा हा चिमणीएवढा पक्षी आहे. ॲलिस राइजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पक्ष्यावर केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. टिलव्यांची काही तरुण पाखरे पहिल्या वर्षी उत्तरेकडे न परतता ऑस्ट्रेलियातच राहतात. त्यामुळे एकाच किनाऱ्यावर एकाच जातीचे दोन गट उपलब्ध होतात. एक गट सुमारे १०,००० किलोमीटरचा प्रवास करून नुकताच उतरलेला आणि दुसरा वर्षभर तेथेच राहिलेला. तुलनेची अशी संधी निसर्गात क्वचितच मिळते.

या तुलनेचे फलित लक्षणीय आहे. जीवाणूंचे वैविध्य आणि त्यांच्या जातींची घडण या दृष्टीने दोन्ही गटांत फरक आढळला नाही. ज्या चिखलात हे पक्षी दिवसभर चोच खुपसून चरतात, त्यातील जीवाणूंचा आतड्यातील वाटा बहुतेक पक्ष्यांत केवळ ०.१ टक्का होता. अपवाद एकच होता. नुकत्याच आलेल्या पक्ष्यांत कोरिनेबॅक्टेरियम या प्रजातीचे प्रमाण पुष्कळ अधिक होते. याच संशोधकांच्या २०१८ सालच्या पुढील अभ्यासातही प्रत्यक्ष स्थलांतर करत असलेल्या पक्ष्यांत या प्रजातीची वाढ पुन्हा दिसली. पक्ष्याच्या अंतर्गत अवस्थेशी तिचा संबंध असावा, या शक्यतेला त्यामुळे बळ मिळते.

या निष्कर्षाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. पक्ष्याने गिळलेला प्रत्येक जीवाणू आतड्यात वस्ती करत नाही. बहुसंख्य जीवाणू विष्ठेवाटे निघून जातात. आतड्यातील प्रस्थापित समूह, जठरातील आम्ल आणि पक्ष्याची रोगप्रतिकारशक्ती मिळून नवागतांची वाट अडवतात. यजमान ही संज्ञा येथे सार्थ ठरते. अर्थात एका जातीच्या पुराव्यावरून सर्व पाणपक्ष्यांविषयी सिद्धान्त मांडणे उचित नाही. सुमारे ९०० पृष्ठवंशीय जातींची तुलना करणाऱ्या २०२० सालच्या एका व्यापक अभ्यासात पक्षी आणि वटवाघळे यांच्याविषयी निराळे चित्र दिसले. या दोन्ही उडणाऱ्या गटांत यजमानाचा वंश आणि आतड्यातील जीवाणू यांचा संबंध इतर सस्तन प्राण्यांच्या मानाने सैल होता. उडण्यासाठी आतडे हलके व आखूड ठेवणाऱ्या प्राण्याचे जीवाणूंशी नाते कमी घट्ट असावे, असा त्यामागील तर्क आहे. टिलव्याचा दृढ प्रतिकार आणि पक्षिवर्गाचे एकंदर सैल नाते या दोन निष्कर्षांतील ताण हाच या अभ्यासक्षेत्राचा खरा गाभा आहे. 'वाहक' हा शब्द तो ताण मिटवून टाकतो.

५. अभ्यासपद्धतीची चिकित्सा

कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली रायबोसोमच्या आरएनएवरून जीवाणूंचे वर्गीकरण करण्याची वाट दाखवली. त्यातूनच १६ एस जनुकाच्या वाचनाची पद्धत विकसित झाली. काचपात्रात न वाढणाऱ्या जीवाणूंचाही तिच्यामुळे शोध लागतो. पाणपक्ष्यांच्या आतड्यांविषयीचे बहुतेक ज्ञान याच पद्धतीने मिळाले आहे. तिची थोरवी मान्य करूनही तीन मुद्द्यांचा विचार करणे आवश्यक ठरते.

पहिला मुद्दा नमुन्याचा. पक्ष्याला न पकडता जमिनीवरील ताजी विष्ठा गोळा करणे सोयीचे असते आणि संरक्षित पक्ष्यांच्या बाबतीत ते योग्यही असते. परंतु विष्ठेतील जीवाणू आणि अंधनालातील जीवाणू एकच नसतात. विष्ठा जमिनीवर पडताच तेथील मातीचे जीवाणूही तिच्यात मिसळतात. मिश्र थव्यात ती विष्ठा कोणत्या जातीची, याचीही खात्री करावी लागते. म्हणून ज्या ठिकाणी विष्ठा उचलली तेथील माती व पाणी यांचे नमुने सोबत तपासले नसतील, तर पक्ष्याविषयी काढलेला निष्कर्ष काही अंशी जमिनीविषयीचा निष्कर्ष ठरण्याची शक्यता असते.

दुसरा मुद्दा नावाचा. अनेक निबंधांत जनुकवाचनाने मिळालेली जीवाणूंची नावे ज्ञात रोगजंतूंच्या यादीशी ताडून पाहिली जातात आणि जुळणाऱ्या नावांना 'संभाव्य रोगकारक' म्हटले जाते. ही पद्धत भ्रम निर्माण करणारी आहे. एश्चेरिकिया कोलाय या एकाच जातीत निरुपद्रवी आणि घातक असे दोन्ही प्रकार असतात, आणि १६ एस जनुकाचा एक तुकडा वाचून त्यांतील भेद कळत नाही. शिवाय सापडलेला डीएनए जिवंत जीवाणूचा की मेलेल्या, हेही या वाचनातून स्पष्ट होत नाही. 'संभाव्य' या विशेषणाने संशोधक स्वतःला सुरक्षित करून घेतो. वृत्तपत्रातील मथळ्यापर्यंत पोहोचताना मात्र ते विशेषण गळून पडते.

तिसरा मुद्दा काळाचा. स्थलांतर ही दीर्घकाळ चालणारी क्रिया आहे, तर बहुसंख्य अभ्यास एका ठिकाणी, एका ऋतूत घेतलेल्या नमुन्यांवर आधारलेले असतात. पक्ष्याने जीवाणू आणला, असे म्हणण्यासाठी तो निघण्यापूर्वी त्याच्यात होता आणि पोहोचल्यावरही जिवंत होता, एवढे तरी दाखवावे लागते. केवळ पोहोचल्यानंतरच्या नमुन्यावरून हे सिद्ध होत नाही. पक्ष्याने तो जीवाणू उतरल्यावर येथील पाण्यातूनच घेतला असण्याची शक्यता तितकीच असते.

६. प्रतिजैविकांना होणारा प्रतिरोध आणि दिशेचा प्रश्न

वरील मुद्द्यांचे व्यावहारिक महत्त्व प्रतिजैविक-प्रतिरोधाच्या संदर्भात प्रकर्षाने जाणवते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सायबेरिया, अलास्का आणि ग्रीनलंड यांच्या आर्क्टिक भागातील पक्ष्यांत औषधांना दाद न देणारे एश्चेरिकिया कोलाय आढळले. जेथे औषधांचा वापर जवळजवळ नाही, तेथे हा प्रतिरोध पोहोचला होता. एनडीएम-१ या जनुकाची कथा अधिक बोलकी आहे. 'नवी दिल्ली' हे नाव धारण करणाऱ्या या जनुकाचे वर्णन २००९ साली झाले आणि नावावरून भारतात मोठा वादही झाला. पुढे स्वालबार या आर्क्टिक द्वीपसमूहावरील मातीच्या नमुन्यांत ते सापडल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले. ते तेथे पोहोचण्याच्या मार्गांत पक्ष्यांची व अन्य प्राण्यांची विष्ठा आणि माणसांची ये-जा या शक्यता संशोधकांनी सुचवल्या.

या दोन्ही उदाहरणांत पक्षी काही ठिकाणी दुवा असेलही. तथापि प्रतिरोध निर्माण होण्याची स्थळे रुग्णालये, औषधनिर्मितीचे कारखाने, कुक्कुटपालन केंद्रे आणि प्रक्रिया न झालेले सांडपाणी ही आहेत. त्या पाण्यात उतरलेला पक्षी ते जीवाणू स्वीकारतो. ते निर्माण करत नाही. 'पक्षी प्रतिरोध पसरवतात' हे वाक्य व्याकरणाने शुद्ध असले, तरी त्यात मूळ कर्ता लुप्त झालेला असतो.

पक्षी जीवाणूचा बळी ठरतो, याचे ठळक उदाहरण राजस्थानातील सांभर सरोवराचे आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथे १८ हजारांहून अधिक पाणपक्षी मेले. प्रथम बर्ड फ्लूचा संशय घेण्यात आला, परंतु तपासणीत तो निराधार ठरला. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने बोट्युलिझम हे कारण निश्चित केले. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू पाणथळीच्या चिखलात वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात. उष्णता, प्राणवायूचा अभाव आणि कुजणारे सेंद्रिय द्रव्य यांचा मेळ जमला की ते जागे होऊन विष तयार करतात. मेलेल्या पक्ष्याच्या शरीरात हे विष वाढते, त्यावरील अळ्यांत साठते आणि त्या अळ्या खाणारा दुसरा पक्षी मरतो. म्हणून मृत पक्षी तातडीने उचलून त्यांची विल्हेवाट लावणे हाच तेथे प्रमुख उपाय होता. येथे संकट चिखलातच दबा धरून होते. दूरदेशाहून आलेला पक्षी त्यात सापडला.

७. महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्रातील पाणपक्ष्यांच्या महत्त्वाच्या मुक्कामांची स्थिती पाहता हा विचार केवळ तात्त्विक राहत नाही. नांदूर मध्यमेश्वरला २०२० साली आणि ठाणे खाडीला २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाल्याचे घोषित झाले. नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरीच्या प्रवाहात नाशिक शहराच्या खाली आहे. उजनी जलाशयात मुळा-मुठा व भीमेतून पुणे परिसराचे सांडपाणी येते. ठाणे खाडीच्या काठावर मुंबई, ठाणे व नवी मुंबई ही महानगरे असून तेथील चिखलावरच रोहित अर्थात फ्लेमिंगोंचे थवे चरतात. अशा पाण्यावरील पक्ष्याच्या विष्ठेत प्रतिरोधक जीवाणू सापडला, तर त्याचा उगम प्रथम पाण्यात शोधावा, हे तर्कसंगत होय.

या जलाशयांच्या परिसरातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र विभागांना यातून एक सुस्पष्ट कार्यक्रम मिळू शकतो. वनविभागाच्या अनुमतीने हंगामाच्या आरंभी, म्हणजे पक्षी उतरताच, आणि परतीपूर्वी असे दोनदा नमुने घ्यावेत. स्थलांतरित तलवार बदकासोबत वर्षभर येथेच राहणाऱ्या हळदी-कुंकू बदकाचेही नमुने असावेत. प्रत्येक वेळी पाणी आणि चिखल तपासावा. प्रतिरोधक जीवाणू उतरत्या पक्ष्यांत कमी व परतणाऱ्यांत अधिक आढळले, तर येथील पाण्यातून त्यांची लागण झाल्याचा पुरावा बळकट होईल. चित्र उलट असेल तर तेही प्रामाणिकपणे मांडता येईल. टिलव्याच्या अभ्यासाचे सामर्थ्य महागड्या यंत्रांपेक्षा तुलनेच्या योग्य निवडीत होते, ही बाब येथे मार्गदर्शक आहे.

८. समारोप

स्थलांतरित पाणपक्षी काही सूक्ष्मजीव दूरवर नेतात, हे नाकारण्याचे कारण नाही. बर्ड फ्लूच्या विषाणूबाबत तसा पुरावा आहे आणि दक्षता आवश्यक आहे. आक्षेप आहे तो या एका वस्तुस्थितीला संपूर्ण अभ्यासक्षेत्राचे गृहीतक बनवण्याला. त्या गृहीतकामुळे आकसणारे व पुन्हा वाढणारे आतडे, त्यातील जीवाणूंची निवड, स्थलांतराच्या श्रमात त्यांचा वाटा हे मूलभूत प्रश्न मागे राहिले आणि पाणथळ जागा दूषित करणाऱ्या मानवी व्यवहारावरील लक्ष ढळले.

त्याचा परिणाम संवर्धनावरही होतो. पक्षी रोग आणतो अशी समजूत रूढ झाली, की रोगाच्या साथीत पाणथळ जागा संशयास्पद ठरते, आणि संशयास्पद जागा बुजवणे सोपे जाते. उलट पक्षी यजमान आहे, हे मान्य केले की त्याची विष्ठा येथील पाण्याच्या स्वास्थ्याची साक्ष म्हणून वाचता येते. हजारो किलोमीटर उडून आलेला टिलवा आपल्या आतड्यात परक्या चिखलाचा अगदी अल्प अंश राहू देतो. तोच टिलवा येथून परतताना प्रतिरोधक जीवाणू घेऊन निघाल्याचे उद्या आढळले, तर तपासाची सुरुवात त्याच्या पंखांपासून न करता खाडीत येऊन मिळणाऱ्या नाल्यापासून करावी लागेल.